तीस सेकंदांची घंटा

सुलक्षणानं सगळी अक्कल पणाला लावून प्रोग्राम लिहिला, पण तो चिपमध्ये मावेना. कारखान्यांच्या यंत्रांना चिप पुरवायचा, शिरूरच्या बसस्टँडमागं दोन खोल्यांत चालणारा धंदा. मोठी चिप मागितली की मालकाच्या पोटात गोळा येई. मग तिनं कम्पायलरचेच कान पिळले. माणसानं लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा हा कम्पायलर. त्याला 'काटकसर कर' असं सांगायचे नऊ पर्याय होते. ती एकेक लावून बघत गेली. सातव्याला प्रोग्राम चिपमध्ये अलगद बसला आणि पोरीला आभाळ ठेंगणं झालं.

काम कारेगावजवळच्या पशुखाद्याच्या कारखान्याचं होतं, आणि ते आणलं होतं तिच्या मल्हारीमामानं. मामा तिथंच पेंड कालवायच्या मिक्सरवर होता. हिरवं बटण दाबलं की तीस सेकंद घंटा वाजायची, मगच मोटर फिरायची. आत साफसफाईला उतरलेल्या माणसाला बाहेर पडायला तेवढा वेळ. हे सगळं आता सुलक्षणाच्या चिपनं सांभाळायचं होतं. टेबलावर तपासताना घंटा काढून ठेवलेली असे, कारण वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भांडायला येत. तीस सेकंद कोण बघत बसणार, म्हणून सुलक्षणा बटण दाबून चहा ओतायला उठली. परत आली तेव्हा मोटरच्या जागी लावलेला दिवा पेटला होता. झालं, काम पास! कारखान्याच्या गुरुवारच्या सुट्टीत तिथल्या माऊली फिटरनं चिप बसवूनही टाकली.

शुक्रवारी सकाळी तिनं हौसेखातर दिव्याच्या उघडझापीचा छोटा प्रोग्राम त्याच सातव्या पर्यायानं चालवला. दिवा उघडझाप करीना, नुसता जळत राहिला. तिनं कम्पायलरनं उतरवलेल्या ओळी उघडल्या. मधला थांबा, म्हणजे आकडे मोजत वेळ काढणाऱ्या ओळी, तिथं नव्हत्याच. काही कामाच्या नाहीत असं ठरवून कम्पायलरनं त्या उडवल्या होत्या. घंटेचे तीस सेकंदही तिनं असेच मोजले होते.

म्हणजे बटण दाबताच मोटर फिरणार होती. तिनं कारखान्याचा नंबर फिरवला. फोन ऑफिसातल्या गेणबानं उचलला.

"गेणबाकाका, मी सुलक्षणा. मामा कुठंयत?"

"मिक्सरमधी उतरलाय की. पेंड चिकटलीय आतून, ती खरवडतोय."

"त्यांना बाहेर काढा! आत्ताच्या आत्ता!"

"का गं? घरी काय वंगाळ झालं का?"

"काका, पाया पडते, आधी बाहेर काढा त्यांना!"

"बरं बरं, रडू नगं. हाक काय आत ऐकू जात न्हाई. आमी बटणच दाबतो, घंटा वाजली की त्यो वर येतो. थांब हां."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"दाबू नका! काका, बटण दाबू नका!" सुलक्षणा घसा फाटेस्तोवर ओरडली. पलीकडं गेणबाच्या चपला फटफटत लांब गेल्या. ती ओरडतच राहिली.

घंटा टणकन वाजली. दुसरा टोला पडायच्या आतच मोटर घरघरली.