पेट्रोलचा न हलणारा काटा

माझी गाडी पेट्रोलच्या थेंबालाही शिवत नाही, असं मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ते जवळजवळ खरं होतं. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा ऐकणारे वाढले होते. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मागे फिरायची वाट बंद झाली होती आणि पुढे जायला चार्ज पुरत नव्हता.

गाडी प्लग-इन हायब्रिड. म्हणजे एकाच घरात नांदणाऱ्या दोन सवती, बॅटरी आणि पेट्रोलची टाकी. संध्याकाळी भिंतीतल्या प्लगला लावून ठेवायची, सकाळी बॅटरीवर निघायचं आणि बॅटरी दमली की पेट्रोलचं इंजिन हाताशी. शहाणी माणसं दोघींनाही खूश ठेवतात. मी पहिल्याच आठवड्यात आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये छाती फुगवून सांगून बसलो, की पेट्रोलचा काटा आहे तिथून खाली आलेला दिसला, तर त्या दिवशी तयार झालेली पहिली कवळी मी स्वतःच्या तोंडात घालीन, मग ती कोणाच्याही मापाची असो. लॅबमध्ये मला बत्तीशी म्हणतात. हे नाव धंद्यामुळे पडलं असं मी सांगतो. तोंड मिटत नाही म्हणून पडलं असं बाकीचे सांगतात.

उन्हाळा मजेत गेला. उतारावर ब्रेक लावला की या गाडीची बॅटरी थोडी भरते. मी इतक्या कलेने ब्रेक लावायचो की टेकडी उतरेपर्यंत चार्ज उतू जायचा आणि रस्त्यावरचे दिवे भरदिवसा पेटायचे. मग थंडी आली आणि गाडीच्या पुस्तिकेत तिची खोड वाचली. हीटर लावला की इंजिन सुरू होतं. ऊब तिच्याकडे पेट्रोलचीच.

म्हणून मी हीटर लावत नसे.

माझ्यासोबत रोज दोघं असत. मागे आमचे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबतो, त्यामुळे माझ्या मागच्या पायपुसणीला भोक पडलं आहे. आणि शेजारी बायको. ती फुलांच्या दुकानात असते. फुलं टिकावीत म्हणून ते दुकान बर्फाच्या कारखान्यासारखं गार ठेवतात. दिवसभर ती तिथे उभी, आणि जाता-येता माझ्या गाडीत.

त्या शनिवारी थंडी अशी होती, की पुढे ठेवलेल्या डब्यातल्या कवळ्या कडकड वाजायला लागल्या. रस्ता खडबडीत होता असं व्याही म्हणतात. रस्ता आरशासारखा होता.

"अहो," बायको हातमोज्यांवर फुंकर मारत म्हणाली, "हीटरचं बटण मोडलंय का?"

"त्याला काय झालंय? ठणठणीत आहे."

"मग ते बघायलाच दिलंय वाटतं."

"विहीणबाई, हे घ्या," व्याह्यांनी मागून घोंगडी पुढे सरकवली. "माझे पाय तसेही गेलेत. तुमचे तरी वाचवा."

बायकोने घोंगडी परत केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारपासून मी बसने जाईन. बसमध्ये हीटर असतो. तो लावतातसुद्धा."

ती चिडून बोलली असती तर मी हसून घालवलं असतं. पण तिचा आवाज साधा होता, उद्या भाजी कोणती करायची विचारावं तसा. घरी ती रेडिओ ऐकते. माझ्या गोष्टी ऐकते ती फक्त गाडीत, कारण धावत्या गाडीतून उतरता येत नाही. ती जागा रिकामी झाली तर मला गोष्टी व्याह्यांना सांगाव्या लागल्या असत्या, आणि व्याही पुरावा मागतात.

तिला दुकानापाशी सोडल्यावर व्याही पुढे येऊन बसले आणि डॅशबोर्डकडे निरखून बघू लागले.

"व्याहीबुवा, एक विचारू? आमच्या स्कूलमध्येही अशीच गाडी आहे. नुसती चार्जवर चालवली, तर एका सकाळी तिने आपण होऊन इंजिन सुरू केलं. समोर लिहून आलं, टाकीतलं पेट्रोल जुनं झालंय, जाळून टाकते. तुमच्या गाडीने असं कधी केलं?"

"कधीच नाही. माझी गाडी माझा शब्द राखते."

"गाडीला शब्द कळत नाही, पेट्रोल कळतं. तुमचं जुनं होत नाही, म्हणजे कोणीतरी ते संपवतंय आणि नवीन भरतंय."

मी हसलो. पण दिवसभर हातातली कवळी सोडून डोक्यात तेच. संध्याकाळपर्यंत मी लॅबभर सांगून मोकळा झालो होतो, की आमच्या भागात एक प्रामाणिक चोर फिरतोय. पेट्रोल काढून नेतो, गरज भागली की ताजं आणून ओततो आणि जाताना झाकणही पुसतो.

चोराला गाठायचंच असं मी ठरवलं. घराखाली आणि लॅबसमोर गाडी माझ्या नजरेसमोर असते. नजरेआड होते ती फक्त रविवारी दुपारी, बायको ती घेऊन थोरल्या बहिणीकडे पत्ते खेळायला जाते तेव्हा. चोर तिथलाच. बायकोला सांगितलं असतं तर ती हसली असती, म्हणून रविवारी जेवण झाल्यावर मी "जरा पडतो" म्हटलं, हळूच खाली उतरलो आणि मागच्या सीटखाली घोंगडी ओढून आडवा झालो. माझ्या वयाचा माणूस त्या फटीत मावत नाही. मी मावलो. कसा, ते अजून माझ्या कमरेला विचारावं लागतं.

बायको आली. दार लावलं. बटणाचा बारीक आवाज झाला आणि माझ्या कानाखाली काहीतरी घुरघुरलं. वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता. इंजिन.

उठून जाब विचारायला हवा होता. पण तेवढ्यात सीटखालच्या जाळीतून ऊब आली. आधी कानाला, मग मानेला, मग गुडघ्यांना. थंडी सुरू झाल्यापासून माझे गुडघे माझ्याशी बोलत नव्हते, ते बोलायला लागले. मी ठरवलं, जाब पुढच्या वळणावर विचारू. वळणं येत गेली. मला झोप लागली नाही, फक्त डोळे मिटले होते.

उघडले तेव्हा गाडी पेट्रोल पंपावर उभी होती आणि बायकोची काच खाली होती.

"ताई, नेहमीसारखंच?" पंपावरच्या बाईने विचारलं.

"हो. काटा काल होता तिथे आला की थांबव. वर नको, खाली नको."

"दर रविवारी हेच. त्यांना अजून पत्ता नाही?"

"कसा लागणार? ते काट्याकडे बघतात, माझ्याकडे नाही."

पंपावरची बाई हसली. बायको हसली नाही.

"मग सांगून का टाकत नाही?"

"सगळ्या गावाला सांगून बसलेत ते. चारचौघांत त्यांना तोंडावर पाडायचं माझ्या जिवावर येतं. आणि सांगतात छान, खोटं असलं तरी. पण आठवड्यातून एक दुपार ऊब पुरत नाही गं. उद्यापासून बसच बरी."

मी घोंगडीखाली श्वास रोखून धरला. तेवढ्यात घोंगडीची लव नाकात गेली आणि मी एवढ्या जोराने शिंकलो की पंपाचा आकडा पुढे सरकला असावा.

बायको वळलीसुद्धा नाही. "मागची काच नीट लावून घ्या," ती म्हणाली. "मघापासून घोरताय, वर वारा लागेल."

बहिणीकडे मी निमूट बसून सगळे डाव हरलो. घरी येताना हीटर चालू होता आणि मला तो बंद करायला सांगवेना.

सोमवारी सकाळी ती खरंच पिशवी घेऊन बसस्टॉपवर गेली. मी व्याह्यांना घेतलं. निघताना गाडी बॅटरीवर होती, नेहमीसारखी गुपचूप. बसस्टॉपसमोर थांबलो, हीटरच्या बटणावर बोट ठेवलं आणि लॅबमधले सगळे चेहरे एकामागून एक डोळ्यांपुढे आले. मग दाबलं. इंजिन घुरघुरलं.

व्याही मागून पुढे वाकले. "हा कसला आवाज, व्याहीबुवा?"

तीन थापा तयार होत्या. एक तर फारच सुरेख होती, तिच्यात विमान होतं. मी गिळली. "पेट्रोल जळतंय," मी म्हणालो. "माझंच. प्रत्येक रविवारी जळत होतं. चोर घरातलाच निघाला, आणि बरोबर होता."

मग काच खाली करून बायकोला म्हणालो, "आत बस. बटण मोडलेलं नाही."

मागे बस आली, हॉर्न वाजला, बसची दारं उघडून बंद झाली. मग ती माझ्या शेजारी बसली आणि तिने हातमोजे काढले. त्या थंडीत माझ्या गाडीत तिची बोटं मी पहिल्यांदा बघितली.

"हे मी लॅबमध्ये येऊन सांगणार," व्याही म्हणाले.

"सांगा. नाहीतरी तुम्हाला सांगता येत नाही, कोणी विश्वास ठेवणार नाही."

सगळ्यांनी ठेवला.

त्या दिवशी पहिली तयार झालेली कवळी एका पहिलवानाची होती. ती तोंडात बसवल्यावर माझे दोन्ही कान एकमेकांपासून लांब गेले. दिवस संपेपर्यंत काढायची नाही असं लॅबने ठरवलं होतं. संध्याकाळी बायकोला घ्यायला गेलो. गाडी गरम करून ठेवली होती. टेकडीवरून उतरताना मी तिला दिवसभराची हकिगत सांगायला लागलो. बाहेर येत होतं ते नुसतं "फफ, हफ, थफ".

बायकोने रेडिओकडे नेलेला हात मागे घेतला आणि माझ्याकडे तोंड करून बसली.

"काय म्हणालात? कळलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून सांगा."