एकशे दोन पूर्णांक चार

"अहो, हातात वजन घेऊन काट्यावर कशाला चढलाय?" बाथरूमच्या दारातून बायकोनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. सकाळचे साडेसहा वाजले होते. काटेवाला अर्ध्या चड्डीत, चष्मा आणि अंगठी काढून, वीस किलोचं लोखंडी वजन पोटाशी धरून उभा होता.

"किती आलंय ते वाच आधी. मला दिसत नाहीये."

"एकशे बावीस पॉइंट चार."

"आणि नुसतं वजन ठेवलं तेव्हा बरोबर वीस." आवाज होऊ न देता त्यानं वजन फरशीवर टेकवलं. "म्हणजे काटा बरोबर आहे."

"मग चांगलंच की!"

"चांगलं काय त्यात? सात आठवडे माझा काट्यावर संशय होता. तो निर्दोष सुटला. आता आरोपी एकच उरला."

काटेवाला बावीस वर्षं वजनकाटे तपासत होता. काट्यावर प्रमाणित वजनं ठेवायची, आकडा जुळला की शिशाचं सील मारायचं, नाही जुळला तर काटा दुरुस्त करायचा. नऊ महिन्यांपूर्वी त्यानं ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलं, तेव्हा तो एकशे अठ्ठेचाळीस किलो होता. मग किलो असे उतरले की जणू त्यांनाही कधीचं निघायचंच होतं. एकशे दोन पूर्णांक चारला आले आणि थांबले. त्यानं केस कापले. एकशे दोन पूर्णांक चार. दाढी केली, नखं काढली. तेवढेच. रोज तासभर चालून, चार चमचे डाळ तीस-तीस वेळा चावूनसुद्धा तेवढेच. डाळ चावायची कशी, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"ह्याला पठार म्हणतात," आहारतज्ज्ञ बाई फोनवर म्हणाल्या होत्या. "होतं असं. शरीर विचार करतंय."

"मॅडम, सात आठवडे? ह्या शरीरानं आयुष्यात कशाचाच इतका विचार केलेला नाही."

"धीर धरा. आणि रोज वजन करू नका बरं."

हे म्हणजे पोस्टमनला पत्ते वाचू नकोस म्हणण्यासारखं होतं.

ऑपरेशन रक्तातल्या साखरेसाठी केलं, असं तो सगळ्यांना सांगे. खरं कारण साठ फूट उंच होतं. सिमेंटच्या कारखान्यातल्या टाकीच्या माथ्यावर एक मोठा काटा होता, आणि तो तपासायला लोखंडी शिडी चढून जावं लागे. अठरा वर्षं ते काम त्याचं होतं. वर वारा असायचा, फोन लागत नसे आणि खालची माणसं वाटाण्याएवढी दिसत. मग एक दिवस शिडीच्या पायथ्याशी पत्रा ठोकला गेला: कमाल भार शंभर किलो. चार वर्षं तो वर्कशॉपमध्ये खाली बसून स्वयंपाकघरातले काटे पुसत होता. टाकीसाठी आता नवीन माणूस कायमचा नेमायचा होता. "शुक्रवारपर्यंत शंभरच्या आत ये," साहेब म्हणाले होते, "तर काम तुझं."

आज शुक्रवार होता.

वीस किलोचं वजन पिशवीत घालून तो वर्कशॉपमध्ये पोचला तेव्हा साहेब मोठ्या प्लॅटफॉर्म काट्याजवळ हाताची घडी घालून उभे होते. शेजारी मामा. मामा कुणाचेच मामा नव्हते. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाल्यामुळे पडलेलं ते नाव होतं.

"चल, चढ," साहेब म्हणाले.

पिशवी बाजूला ठेवून, बूट काढून तो चढला. आकडा खालीवर झाला, स्थिरावला. नव्व्याण्णव पूर्णांक पाच.

"वा रे पठ्ठ्या!" साहेबांनी हात मिळवला. "सोमवारी सकाळी आठला टाकीवर. थांब, ऑर्डरच टाइप करून आणतो."

साहेब केबिनकडे गेले. काटेवाला खाली उतरला. त्याचे कान गरम झाले होते. बायकोला फोन करायचा होता, पण फोन पिशवीत वजनाखाली होता. वजन काढून त्यानं समोरच्या काट्यावरच ठेवलं आणि फोन हातात घेतला.

एकोणीस पूर्णांक चार.

त्यानं फोन खिशात घातला. रॅकवरून वीस-वीस किलोची आणखी चार वजनं आणली आणि एकेक करून ठेवली. शंभर किलो लोखंड. काट्यावर सत्त्याण्णव पूर्णांक दोन.

"मामा."

मामा स्क्रू-ड्रायव्हर पुसत होते. कोरडाच होता तो.

"मामा, ह्या काट्याला कुणी हात लावला?"

"अरे, दोन-अडीच किलोंसाठी माणसाला चार वर्षं खाली बसवतात का? त्या शिडीला काय वाचता येतं?"

"शिडीला नाही येत. मला येतं."

"मी काय चोरी केली? जरासं इकडचं तिकडं. तू बायकोच्या काट्यावर बघशील, मग म्हणशील घरचाच बिघडलाय."

"घरचा सकाळीच तपासलाय मी! ह्या वजनानं!" त्याचा आवाज चढला, मग एकदम बसला. "सात आठवड्यांत माझं वजन एकदाच कमी झालं, मामा. तेही तुम्ही केलंत."

मामांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "वर गेला असतास रे," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

काट्याचा आकडा जुळवायचं बटण सीलबंद झाकणाखाली असे; काटेवाल्यानं ते झाकण उघडलं. मामांनी सील तोडून परत तसंच गुंडाळलं होतं. इतकं वाईट काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल. शंभर किलो काट्यावरच होते. त्यानं काट्याला ते शंभर म्हणून पुन्हा शिकवले आणि नवं सील दाबलं. मग पाचही वजनं खाली उतरवून, मोजे घालूनच वर चढला.

साहेब कागद फडकवत आले आणि आकड्याकडे बघत राहिले.

"हे काय?"

"काटा कमी दाखवत होता, साहेब. शंभराला जवळपास तीन किलो."

"आपल्या वर्कशॉपातला? कुणाचं काम हे?"

मामांनी तोंड उघडलं.

"वर्कशॉपातले काटे माझ्याकडे आहेत," काटेवाला म्हणाला. "माझंच लक्ष नव्हतं."

साहेबांनी कागदाची एक घडी घातली, मग दुसरी. "गप्प बसला असतास तर मला कळलंही नसतं."

"नसतं कळलं."

"मग सोमवारी नवीन माणूस जाईल."

"त्याला सांगा, वरच्या काट्याचा डावा पाय थंडीत अर्धा किलो जास्त दाखवतो. उन्हं आल्याशिवाय सील मारू नको म्हणावं."

साहेब गेले. मामा वजनं उचलायला वाकले.

"राहू द्या," तो म्हणाला. "तुमची कंबर."

बूट घालून त्यानं दोन्ही हातांत एकेक वजन घेतलं आणि रॅककडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. चाळीस किलो. बोटं पांढरी पडली होती, खांदे ओढले जात होते. एवढं, आणि वर आणखी पाच, तो वर्षानुवर्षं अंगावर घेऊन हिंडला होता. जेवताना, जिना चढताना, झोपेतसुद्धा. कधी खाली ठेवता आलं नव्हतं.

तो रॅकपाशी गेला, गुडघ्यांत वाकला आणि दोन्ही वजनं जागेवर टेकवली, जराही आवाज न होऊ देता.