जन्माचे साक्षीदार

संघदीपचा जन्म डोळ्यांनी पाहिलेली दोन माणसं हवी होती. तीही त्याच्याहून वयानं मोठी. अमेरिकेच्या सरकारनं तसं कळवलं होतं.

"काकू, घाबरायचं काही नाही," उर्वशी वकीलबाई म्हणाल्या. यवतमाळच्या कोर्टासमोर त्यांचं छोटं ऑफिस होतं. कापसाचे भाव पडल्यापासून बाहेरच्या बाकावर नुकसानभरपाईसाठी आलेल्या बायकाच जास्त असत. आईला अमेरिकेला नेण्याचं प्रकरण त्यांच्याकडेही पहिलंच होतं. नागपूरच्या एका वकिलाला विचारून त्या काम करत होत्या. "संघदीपभाऊंचा जन्म घरी झाला. दाखला काढला तो शाळेत जाताना. तिकडचे म्हणतात, हा दाखला पुरेसा नाही. तुमच्याच पोटी जन्मले हे सांगणारं कुणी आणा. आणि तेवढ्यानं भागलं नाही, तर डीएनए तपासणी. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, तुमच्या आणि त्यांच्या. संपलं."

विमलताईनं पदर सारखा केला. "दाई इंदूबाई तं कधीचीच गेली. माही सासूही गेली."

"गावात कुणी असेलच की."

संघदीप ओहायोत इंजिनियर होता, तिथला नागरिक झाला होता. तिकडच्या टीव्हीवर यवतमाळच्या शेतकरी आत्महत्यांची बातमी दाखवली तेव्हापासून त्यानं हट्टच धरला होता. "माय, तिथं एकटी काहून राहून राह्यली? चाल इकडे." विमलताईचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होता. तो गेला, मग जिनिंगही बंद पडलं. शेजारची दोन घरं पुण्याला गेली. पाटीपुऱ्यातल्या आपल्या घरात विमलताई सकाळीच भाकरी टाकून ठेवी आणि तीच संध्याकाळी खाई. दिवसभरात तिच्याशी बोलायला येणारा एक दूधवाला. तिला जायचं होतं. नातवंडांना मांडीवर घ्यायचं होतं. म्हणून जुन्या गावी साक्षीदार शोधायला ती उमरखेडच्या एसटीत बसली.

गावात बेबीताई भेटली. संघदीप जन्मला तेव्हा ती पलीकडच्या घरातली बारा-तेरा वर्षांची पोर होती. आता तिला सुना आल्या होत्या. विमलताईनं कामाचं सांगितलं, तशी बेबीताईनं हातातली चहाची कपबशी खाली ठेवली.

"मले याद हाय ना," ती हळूच म्हणाली. "पाणी तापवाले मलेच बसवलं होतं. त्या रोजीच तं शेवंता गेली."

किती वर्षांत कुणी ते नाव घेतलं नव्हतं. विमलताईला एकदम रडूच कोसळलं. शेवंता तिची धाकटी बहीण. बाळंतपणासाठी मोठ्या बहिणीकडे आली होती. पोर झालं आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. तिचा नवरा राजूरला कोळशाच्या खाणीत होता. त्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि पोराकडे फिरकला नाही. विमलताईला मूल नव्हतं. तिनं बाळाला उचललं ते उचललंच. पुढं विमलताई आणि तिचा नवरा यवतमाळला राहायला आले आणि संघदीप तिचाच झाला. आधी तो लहान म्हणून सांगितलं नाही, मग त्याची दहावी म्हणून, मग तो लांब गेला म्हणून. सांगायला हवं असं म्हणणारे एकेक करून मेले.

बेबीताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "कायले रडतं? मी सांगतो ना, विमलच्या पोटून झाला म्हणून. कोण इचारते मले? तूच माय हाय त्याची."

परतीच्या गाडीत विमलताई त्या शब्दांना धरून बसली होती. पण उमरखेड म्हणा की ओहायो, बोळ्याला कुणी काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी तिनं वकीलबाईंना सगळं सांगितलं. उर्वशीबाईंनी पेन खाली ठेवलं.

"दत्तक घेतल्याचा काही कागद? सोळा वर्षांचे व्हायच्या आत?"

"आपल्या घरचं पोर. त्याले कोण कागद करते, बाई?"

"मग तिकडच्या कायद्यानं तुम्ही मावशी, काकू. आणि मावशीला असं बोलावता येत नाही." त्यांनी फाईल मिटली. "बेबीताईंचं खोटं मी लिहून घेणार नाही. उघडकीला आलं तर संघदीपभाऊच अडचणीत येतील. त्यांना आता सांगावंच लागेल. पाहिजे तर मी सांगते."

"नाई. मीच सांगतो."

रविवारी सकाळी फोन आला. तिकडे शनिवारची रात्र होती, मागं पोरांचा गलका. विमलताईला तयार केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "संघू, तुले जन्म देणारी मी नाई. माही लहान बहीण होती," एवढंच तिनं सांगितलं. गलका बंद झाला. तो बहुतेक दुसऱ्या खोलीत गेला असावा.

"नाव काय होतं?"

"शेवंता."

"फोटो?"

"नाई रे. कोण काढत होतं तेव्हा?"

"बरं," तो म्हणाला. "ठेवतो."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विमलताई फोनपासून उठत नसे. दूधवाल्याला दूध दारातच ठेवून जा म्हणे. संघदीपनं अर्ज मागं घेतल्याचं तिला कळलं तेही उर्वशीबाईंकडून.

डिसेंबरात तो आला, एकटाच. दोघं गावाला गेली. शेवंताला पुरलं होतं ती नाल्याकाठची जागा विमलताईनं दाखवली, पण नक्की कुठं ते तिलाही सांगता येईना. आता तिथपर्यंत तुरीचं शेत आलं होतं. संघदीप बांधावर उभा राहिला. बेबीताईनं त्याला त्याच्या आईबद्दल सांगितलं: ती कशी भरभर चालायची, हसताना तोंडावर हात कसा धरायची. तो ऐकत राहिला. विमलताई जरा दूर उभी होती. तिला वाटत होतं, आता तो विचारेल, काहून नाई सांगितलं इतके दिवस? तिला ते विचारणं हवं होतं. भांडला असता तरी चाललं असतं. त्यानं काहीच विचारलं नाही. एसटीत तिला खिडकीकडची जागा दिली, तिचे गुडघे दुखतात का विचारलं, घरी आल्यावर गळकी तोटी बदलून दिली.

जाताना तो पाया पडला. भेटीच्या व्हिसासाठी उर्वशीबाईंनी नंतर अर्ज केला. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत दोन प्रश्न विचारून तो नाकारला गेला. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी पुन्हा करू. विमलताईनं हो म्हटलं.

फोन आता परत येऊ लागलेत. तो हालहवाल विचारतो, औषध घेतलं का विचारतो, 'माय'ही म्हणतो. फक्त ते म्हणायच्या आधी कणभर थांबतो. दुसऱ्या कुणाला ते कळणारही नाही.