दिव्यानीचा दाखला

पोंभुर्ण्याजवळ नदीकाठी वीज कारखान्याचं काम सुरू झालं, तेव्हा जर्मन इंजिनिअरांच्या आठ-नऊ पोरांसाठी कॉलनीतच एक शाळा निघाली. झाडलोट करायला आणि पोरांना पाणी द्यायला तिथे गावातली वच्छला कामाला लागली. सहा वर्षांच्या लेकीला, दिव्यानीला, ती सोबतच न्यायची. घरी ठेवणार कोणाजवळ? नवरा झिंगू दिवसभर तलावावर मासोळ्या धरायला.

दिव्यानी दाराशी बसून ऐकत राहायची. एक दिवस शिकवणाऱ्या उर्सुला मॅडमने तिला आत बोलावून बाकावर बसवलं, आणि मग ती रोजच बसू लागली. दोन वर्षांत पोरगी त्या गोऱ्या पोरांशी त्यांच्याच भाषेत कडाकडा भांडायला लागली.

"गावच्या शाळेत नाव घाल तिचं," झिंगू म्हणायचा. "मराठी अक्षर येत नाई पोरीले."

"गावच्या शाळेत शिकून कोन मोठं झालं?" वच्छला उसळायची. हेडमास्तर गुणवंतराव स्वतः घरी आले, तर त्यांनाही तिने दारातूनच वाटेला लावलं.

दिव्यानी अकरा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात कारखान्याचं काम बंद पडलं. का, ते गावाला कोणी सांगितलं नाही. पंधरा दिवसांत कॉलनी रिकामी झाली. जाताना मॅडम दिव्यानीला पोटाशी धरून रडली, आणि तिने शाळेचा दाखला म्हणून शिक्का मारलेला एक कागद आणि आपला पत्ता तिच्या हातात दिला.

जूनमध्ये वच्छला तो कागद घेऊन गुणवंतरावांकडे गेली. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"बाई, त्या शाळेले आपल्या सरकारची मान्यता नव्हती. ती त्याइच्या पोरांपुरती होती. कागदावर तुमची पोरगी कुठीच शिकली नाई."

"पाच वर्सं बसली जी ती! गनित विचारून पाहा."

त्यांनी विचारलं. दिव्यानीने उत्तर झटक्यात दिलं. मग त्यांनी फळ्यावरची ओळ वाचायला सांगितली, तेव्हा ती मान खाली घालून उभी राहिली.

"दुसरीत बसवतो," गुणवंतराव हळूच म्हणाले. "त्याच्यावर माह्या हाती काई नाई."

वच्छला तीनदा चंद्रपूरच्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात जाऊन आली. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, शाळेच्या मान्यतेचं पत्र आणा. शेवटी दिव्यानीनेच मॅडमला जर्मनमध्ये चिठ्ठी लिहिली. दिवाळीच्या सुमारास उत्तर आलं. पोरीने ते अंगणात उभ्याउभ्या वाचलं.

"काय म्हन्ते?"

"त्या दुसऱ्या देशात गेल्या. तिथी अशाच शाळेत शिकवतात. आपल्या शाळेचे कागद कुठी गेले, त्याइले मालूम नाई."

"अन् तुले बोलावलं का?" वच्छलाने विचारलं. इतके महिने ती त्याच आशेवर होती.

"नाई. आठवन येते म्हन्तात."

दुसरीतली पोरं दिव्यानीला 'जर्मन बुढी' म्हणायची. बाकात तिचे गुडघे मावत नव्हते. दिवाळीनंतर ती शाळेत गेलीच नाही. वच्छलाने समजावलं, मारलंही. चार दिवसांनी पोरगी बापासोबत तलावावर निघाली.

झिंगू एका शब्दाने टाकून बोलला नाही. तेच वच्छलाला सहन होईना. "एकदा तरी म्हना ना, वच्छले, तुही चूक झाली म्हनून," ती म्हणाली.

"म्हनून आता काय होते?" झिंगू म्हणाला.

सकाळी उठून तिने बापलेकीचा भात एकाच फडक्यात बांधला.