शिरवण्यातला ड्रॅगन-श्वास

रविवारी सकाळी शिरवण्याच्या मैदानात उभं राहायला जागा नव्हती. गावातले आगरी, औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांचे कामगार, नेरूळच्या नव्या बिल्डिंगींतल्या बायका, सगळे चपला काढून उभे होते. समोरच्या ओट्यावर काळ्या रेशमी झग्यातला मास्टर चँग दोन्ही हात पसरून सांगत होता, "श्वास घ्या. जोरात. अजून जोरात. ड्रॅगन कसा फुत्कारतो? तसा. पोटातलं टेन्शन नाकावाटे बाहेर फेका. आता मी ची सोडतोय, म्हणजे प्राणशक्ती. हाँगकाँगला माझ्या गुरूंनी शंभर वर्षांची ची माझ्या तळहातात भरली. ती मी काय स्वतःसाठी ठेवणार?"

शेकडो नाकं फुसफुसत होती. बघता बघता कुणाच्या बोटांना मुंग्या आल्या, कुणाचे ओठ बधिर झाले. पुढच्या रांगेतली शेवंताबाई डोळे फिरवून खाली बसली. मास्टर ओट्यावरून उतरला, तिच्या डोक्यावर वीतभर अंतरावर तळहात धरला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "आता सावकाश, ताई. ची मुरू दे." थोड्याच वेळात शेवंताबाई उठून बसली आणि रडत त्याच्या पाया पडली. सगळ्या मैदानानं हात जोडले.

मागे उभ्या असलेल्या गोजरानं मात्र हात जोडले नाहीत. गोजरा तांबे शाळेत विज्ञान शिकवायची. नवरा मारोती तिला ओढून आणल्यासारखा घेऊन आला होता, आणि आल्यापासून तिला इथलं काहीच पटत नव्हतं. मास्टरचं खरं नाव कमळाकर असल्याचं तिच्या कानावर आलं होतं. पण संशयाचं कारण तेवढंच नव्हतं.

भोपाळच्या वायुगळतीची बातमी आली त्याला दीड महिना झाला होता. तेव्हापासून या भागात रात्री उग्र वास आला की लोक लेकरं उचलून दारात येत. गोजराचं तर त्याहून वाईट झालं होतं. वर्गात शिकवता शिकवता छाती धडधडायची, श्वास पुरत नाहीसं वाटायचं, आता आपण मरणार अशी खात्री व्हायची. मारोती रसायनांच्या कारखान्यात होता. त्याची पाळी असली की ती घड्याळाकडे बघत बसायची. मैदानात ताई ची सुरू झाल्याचं शेजारणीनं सांगितलं, तेव्हा "कुठल्या ताईची?" असंच तिनं विचारलं होतं.

तिला एक गोष्ट मान्य करावी लागली. श्वासाच्या त्या प्रकाराआधी मास्टरनं ज्या संथ हालचाली करून घेतल्या, पाण्यातून हात फिरवावेत तशा, त्यांनी तिला खरंच बरं वाटलं होतं. कित्येक दिवसांनी खांदे सैल झाले होते. मग ड्रॅगन-श्वास आला, आणि तिची बोटं वाकडी झाली, छातीत तीच धडधड सुरू झाली. बाजूचे लोक म्हणाले, ची उतरली. गोजराला वाटलं, हे तर मला वर्गातही होतं. तिथे कोण ची सोडतं?

घरी आल्यावर मारोतीनं सदरा काढला, तर गळ्यात तांब्याचं पदक.

"हे काय?"

"ची-कवच. मास्टरनी दिलंय. हे असलं की गॅस छातीत जात नाही. आमच्या खात्यात समद्यांनी घेतलंय."

"आणि कारखान्यातला मास्क?"

मारोतीनं नजर चुकवली. "त्यानं जीव गुदमरतो, गोजरा. आणि मास्टर म्हनले, मास्क लावला की ची अडते."

गोजरानं पदक उलटंपालटं करून बघितलं. या वेळी तिला भीतीपेक्षा राग जास्त आला होता.

दुसऱ्या दिवशी ती नेरूळला डॉक्टर दिनानाथांकडे गेली. आपली धडधड तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. बाईंचं डोकं फिरलं म्हणतील, या धास्तीनं. आज सगळं सांगितलं, मैदानातलंही. डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी पाहिली.

"हृदय ठणठणीत आहे, बाई. भीती वाटली की तुम्ही नकळत भराभरा श्वास घेता. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मग चक्कर येते, ओठ बधिर होतात, बोटं आखडतात. श्वास संथ केला की थोड्या वेळात सगळं जागेवर येतं."

"म्हणजे मास्टर लोकांना आधी ते दुखणं देतो, आणि मग 'सावकाश' म्हणून बरं करतो?"

"असंच दिसतंय. त्या संथ हालचाली म्हणजे मात्र चीनमधला जुना व्यायाम आहे. तुमच्यासारख्यांना चांगला. हा फुत्कार त्याच्या पदरचा असणार."

पुढच्या रविवारी गोजरा लवकर मैदानात गेली. शेवंताबाई आणि तिच्या रांगेतल्या बायकांना तिनं हळूच एवढंच सांगितलं, "आज मास्टर काहीही म्हणोत, श्वास नेहमीसारखा घ्या. काय होतं ते आपण बघू." शेवंताबाई का-कू करत होती. पण तिचाही मुलगा मारोतीच्याच कारखान्यात होता, आणि त्याच्याही गळ्यात पदक होतं. ती कबूल झाली.

मास्टरनं ची सोडली. मागच्या रांगा फुसफुसल्या, डुलल्या. पुढची रांग खांबासारखी उभी. मास्टर त्यांच्यासमोर येऊन हात नाचवू लागला. घाम आला त्याला. एकीच्याही बोटांना मुंग्या आल्या नाहीत.

"आज इथे कुणीतरी अविश्वासी आहे," तो गरजला. "अविश्वासावर ची चालत नाही."

"मी आहे," गोजरा पुढे आली. ती ओट्यावर चढली. "रावसाहेब, तुमचा तर विश्वास आहे ना?"

रावसाहेब गावातला बडा माणूस. मैदानाची जमीन त्याचीच होती आणि मास्टरला त्यानंच आणलं होतं. "हाय की. पुरा हाय."

"मग इथे बसा. मास्टर, तुम्ही पार त्या पिंपळाजवळ जाऊन पाठ करून उभे राहा. ची सोडू नका. रावसाहेब, मी सांगते तसा श्वास घ्या. माझे हात बघा, पदरात आहेत."

मास्टर जागचा हलेना. लोकांनीच त्याला पिंपळापर्यंत नेऊन पाठमोरं उभं केलं. रावसाहेब भात्यासारखा श्वास घेऊ लागला. थोड्याच वेळात त्याचा चेहरा बदलला, त्यानं हात डोळ्यांसमोर धरले.

"बाय, माज्या बोटाना मुंग्या आल्यान. वाकरी झाली बग."

"घाबरू नका. आता हळू घ्या. हळूच सोडा. अजून हळू."

बोटं हळूहळू सरळ झाली. रावसाहेब हाताकडे बघतच राहिला. मग गोजरानं डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सोप्या शब्दांत सांगितलं, आणि आपल्याला काय होतं तेही, शाळेतल्या मुलांच्या आयांसमोर, काही न लपवता.

मास्टरनं पुढे येऊन शेवटचा प्रयत्न केला. "बाई, ही वरवरची गोष्ट आहे. कवच वेगळं. विश्वास ठेवणाऱ्याला गॅस काही करत नाही."

"विश्वास नसेल तर तुमची ची चालत नाही, हे तुम्हीच आत्ता म्हणालात," गोजरा म्हणाली. "गॅसला कसं कळणार, कोणाचा विश्वास आहे आणि कोणाचा नाही? तो सगळ्यांच्याच छातीत जातो. मास्क त्याला अडवतो, आणि मास्कला कुणाच्या विश्वासाची गरज नसते."

कोणी हसलं नाही. कारखान्यातली माणसं एकमेकांकडे बघत होती. मारोतीनं गळ्यातलं पदक काढलं, क्षणभर हातात धरलं आणि ओट्याच्या कडेला ठेवलं. मग दुसऱ्यानं ठेवलं. शेवंताबाईचा मुलगा मागून आला आणि त्यानंही ठेवलं. मास्टर आपली पिशवी शोधत होता. त्या दिवसानंतर तो शिरवण्यात दिसला नाही. कामगारांनी मात्र कारखान्यात जाऊन, जीव गुदमरणार नाही असे नवे मास्क मागितले, आणि बरीच घासाघीस करून मिळवले.

मैदानात अजूनही काही जण सकाळी जमतात. संथ हात फिरवतात, संथ श्वास घेतात आणि कामाला जातात. पुढे उभं राहणारं कुणी नसतं. गोजराची धडधड पुरती गेलेली नाही. वाऱ्यावर वास आला की अजून ती दचकते, पण आता ती आधी श्वास सावरते आणि मग वास कुठून येतोय ते बघायला उठते.

भीती वाटण्यात लाज नाही. तिच्यावर उपाय शोधण्यात तर नाहीच; मग तो चीनमधून येवो, नाहीतर दवाखान्यातून. पण उपाय देणारा जेव्हा म्हणतो की हे माझ्या शक्तीनं होतंय, तेव्हा त्याला थोडं दूर उभं करून बघावं. तो नसतानाही तेच होत असेल, तर ती शक्ती त्याची नव्हे. श्वास आपला आहे, डोकंही आपलंच आहे.