काही न कळणाऱ्या बाई

आमच्या शाळेत परकी भाषा शिकवणाऱ्या बाईंना मुलांची भाषा येतच नाही, असं मुलांना भासवायचं असतं. म्हणजे पोरं झक मारत नवी भाषा बोलतात म्हणे. हा नियम ज्याने काढला त्याला एकदा माझ्या तिसरीच्या वर्गावर पाठवायला हवं. पोरं माझ्यादेखत माझ्या नाकाची, चालण्याची टिंगल करतात आणि मी आपली ढिम्म, फळ्यावर प्राण्यांची चित्रं चिकटवत. नियम जिन्यातही लागू, मैदानातही. त्यामुळे शाळा सुटेपर्यंत माझ्याशी माझ्या भाषेत कुणी बोलत नाही. आणि घरी तरी कोण आहे?

वर्गातली म्होरकी म्हणजे भोंगा. हे नाव शिक्षकांनीच ठेवलेलं. तोंड मिटून ती असा आवाज काढते की पाठोपाठ सगळा वर्ग घुमू लागतो. बाकीची पोरं साळसूद चेहरे करायची, ही मात्र हटकून सापडायची. शिक्षा म्हणून मधल्या सुट्टीत मी तिला वर्गातच बसवून ठेवायची.

तिथे ती बोलू लागली. मला काही कळत नाही, म्हणूनच. आईबाबा वेगळे झाले, धाकट्या भावाला बाबा घेऊन गेले, त्याला थोपटल्याशिवाय झोप येत नाही आणि बाबांना ते नीट जमत नाही. डबा खाता खाता सगळं सांगायची. मी मख्खासारखी चित्रं कापत बसायची. सुट्टीत माझ्यापाशी बसता यावं म्हणूनच ही बया वर्ग डोक्यावर घेते, हे चार दिवसांत माझ्या ध्यानात आलं. खरं सांगते, मीही त्या सुट्टीची वाट बघू लागले होते.

एक दिवस ती म्हणाली, "आज शाळा सुटली की मी बसने त्याच्याकडे जाणार. एकटीच. आईला नाही सांगणार."

आठ वर्षांची पोर. मी कात्री खाली ठेवली. मुख्याध्यापिकांना परस्पर सांगता आलं असतं, पण तिची चहाडी करणं माझ्या जिवावर आलं.

"एकटी जाऊ नकोस, बाळा," मी म्हणाले. "आपण आईशी बोलू."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने डब्याचं झाकण लावलं.

"तुम्हाला सगळं कळत होतं?"

मी हो म्हटलं.

"मग तुम्ही काहीच का नाही बोललात?"

नियमाचं सांगणार होते, पण त्याऐवजी तिच्या आईला निरोप पाठवायला उठले.

आईशी बोलणं झालं. आता दर रविवारी भाऊ तिच्याकडे येतो. बाईंना सगळं कळतं ही बातमी वर्गभर झाली आणि पोरं चिडीचूप झाली. मुख्याध्यापिका आधी नियम मोडला म्हणून रागावल्या, मग शांत वर्ग बघून शाबासकी देऊन गेल्या. मला ती शाबासकी नकोशी झाली.

काल मधल्या सुट्टीत मी उगाचच वर्गात रेंगाळले. ती टेबलापाशी आली आणि "मी बाहेर जाऊ का?" असं तिने परक्या भाषेत विचारलं. वाक्य मीच शिकवलेलं होतं, त्यात एकही चूक नव्हती. मी जा म्हटलं.