आधी कोरडं कर

"आधी कोरडं कर, न्दुक. ओल्यावर सरस लावणं म्हणजे रुसलेल्याला मिठी मारणं. धरत नाही."

लेकीला 'न्दुक' म्हणणारा हा आवाज वुर्यानीच्या कानात लहानपणापासून होता. तिचे बापाक, दर्सोनो, म्हशीच्या कातड्याच्या छायाबाहुल्या कोरायचे. आधी दागिने, मग हातपाय, चेहरा सगळ्यांत शेवटी. कुठं कातडं चिरलं की सरसाचा थेंब लेकीनं लावायचा.

ती डॉक्टरकी शिकायला निघाली, त्या सकाळी बापाक कामाच्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. इबूनं, तिच्या आईनं, हाका मारल्या. आतून नुसती हातोडी, टक टक टक, रोजच्यापेक्षा जोरात. बाप रागावलाय, एवढं मनाशी बांधून ती गाडीत बसली. पुढं येणंजाणं झालं, जेवणं झाली, थट्टामस्करी झाली. ती सकाळ मात्र दोघांनीही कधी उघडली नाही.

आणि आज तेच बापाक उजव्या डोळ्यावर फडकं धरून तिच्या दवाखान्यात बसले होते.

"बाहुलीची दांडी तासताना शिंगाची कपची उडाली," इबू म्हणाली. "लेकीला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली, आणि स्वतः विड्याच्या पानांचं पाणी डोळ्यात घालत बसले. वेल बोडकी केली! म्हटलं, डोळा आहे का तोंड, रंगवायला?"

"माझी आई तेच घालायची," बापाक पुटपुटले.

"तुमची आई डोळ्यांची डॉक्टर नव्हती. तुमची लेक आहे."

वुर्यानीनं डोळ्यात रंगाचा थेंब सोडला, निळा उजेड टाकला. बुबुळावरचा काचेसारखा पडदा त्या पाण्यानं चिघळला होता. जखमेच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि त्यातून आतलं पाणी रंगात मिसळून हिरव्या धारेनं झिरपत होतं. डोळा आतून रिता होत होता. नेत्रदात्याचा पडदा कधी मिळेल याचा नेम नव्हता. तोवर डोळा वाचवायचा तर भोक आजच बुजवायला हवं होतं, औषधी डिंकानं.

"दुसऱ्या डॉक्टरांना बोलावू का?" परिचारिकेनं हळूच विचारलं.

"कशाला?" बापाकच बोलले. "हिला सरस लावायला मी शिकवलंय." मग आवाज उतरला. "न्दुक, सेम्बाद्रेचा चेहरा कोरायचा राहिलाय गं. अर्जुनाची बायको, तिला बिनतोंडाची कशी ठेवू?"

डोळा बधिर केला. पापण्या ताणून धरल्या.

"हलायचं नाही, बापाक."

"कातडं कधी हललंय का?"

तिनं जखमेच्या कडा खरवडल्या, बारीक स्पंजानं तळ टिपला. लगेच पाणी भरलं. परत टिपलं, परत भरलं. तिच्या बोटांना घाई सुटली. चिमुकल्या चकतीवर डिंकाचा थेंब तयार होता, हात पुढं झालाही होता. तेवढ्यात कानात तोच आवाज: आधी कोरडं कर.

तिनं चकती बाजूला ठेवली. श्वास सोडला. पुन्हा टिपलं, काठापासून आत, धीरानं, जसं कातडं टिपायची तसं. तळ क्षणभर कोरा झाला. नवी चकती, खसखशीएवढा थेंब, अलगद दाब. थेंब दगडासारखा धरला. पापणीला तो टोचू नये म्हणून तिनं वरून मऊ भिंग चढवलं.

दुसऱ्या सकाळी तिनं निळ्या उजेडात पाहिलं. हिरवी रेघ नव्हती. कितीतरी वेळ ती पाहतच राहिली.

"मेलो का जगलो ते तरी सांग," बापाक म्हणाले.

"धरलाय. पुढं नवा पडदा बसवावा लागेल, पण डोळा राहिला."

त्यांनी डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि उजव्यानं तिच्याकडं पाहिलं. "धुकं आहे नुसतं. तू दिसतेस, पण बिनचेहऱ्याची."

"चेहरा शेवटी, बापाक."

ते हसले. तळवा तसाच ठेवून, त्या धुक्याकडं बघत राहिले. दाराशी भाताचा डबा उघडणारी इबूही थबकली.

"त्या सकाळी, न्दुक," ते म्हणाले, "मी रागावलो नव्हतो. बाहेर आलो असतो तर 'जाऊ नकोस' म्हणालो असतो. म्हणून हातोडी सोडली नाही."